दोन प्रौढ, एक घोडी

घोडी हे वाहन की पाळीव प्राणी, या विषयावर वयाच्या एकसष्टाव्या वर्षी मला चार ठिकाणी वाद घालावा लागेल, असं पूर्वी कोणी सांगितलं असतं तर मी त्याच्याकडे पुरावा मागितला असता. पुरावा मागण्याची मला सवय आहे. चौतीस वर्षं मी एका विमा कंपनीत लोकांचे दावे तपासत होतो. 'तपासत' हा सभ्य शब्द झाला. आमच्या खात्यात दावा मंजूर करणाऱ्याकडे लोक जरा संशयानंच बघायचे.

तर एका रविवारी सकाळी नीरजानं, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींनी, माझ्या चहाच्या कपाशेजारी आपला मोबाइल आणून ठेवला. ती शाळेत भूगोल शिकवते, त्यामुळे कुठलीही गोष्ट ती भिंतीवर नकाशा टांगल्यासारखी दाखवते. पडद्यावर एक डोंगर, तीन तंबू आणि एक तपकिरी घोडा होता. खाली लिहिलं होतं, 'निसर्गाच्या कुशीत या. आपल्या घोड्यासह या.'

"इथे जायचंय," ती म्हणाली.

"आपल्याकडे घोडा नाही."

"मिळवा."

अठ्ठावीस वर्षांच्या संसारात तिनं आज्ञार्थ वापरलाच नाही असं नाही. 'गॅस बंद करा', 'दूध घ्या', 'जरा गप्प बसा' हे सगळे आज्ञार्थच. पण स्वतःसाठी म्हणून तिनं काही मागितल्याचं मला आठवेना. नववीत असताना तिला घोडेस्वारीच्या शिबिराला जायचं होतं. वडील म्हणाले, पुढच्या वर्षी. पुढच्या वर्षी काका म्हणाले, मुलीची जात, पडली-बिडली तर? मग मी भेटलो. मी 'बघू' म्हणालो, आणि तेव्हापासून बघतच होतो. तेव्हा आता 'मिळवा' म्हटल्यावर मी कप खाली ठेवला आणि बुकिंगला बसलो.

बुकिंगचा फॉर्म साधा होता. प्रौढ: दोन. मुले: शून्य. पाळीव प्राणी: एक. पाळीव प्राण्याचे वजन: इथे पर्याय दिले होते आणि ते पंचवीस किलोंवर संपत होते. मी दिलेल्या नंबरावर फोन लावला. मालक स्वतःच फोनवर आला. अभय नाव. खराडीत सात वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढून मग भोरकडच्या करंजमाळ नावाच्या गावी यानं तंबू ठोकले होते.

"सर, पेट छोटा आहे ना?"

"घोडी आहे."

थोडा वेळ पलीकडून नुसता वारा ऐकू आला. "सर, हे त्याचं नाव आहे की ब्रीड?"

"घोडी हो. चार पाय, शेपूट. आपल्या घोड्यासह या असं तुम्हीच लिहिलंय."

"आम्ही? एक मिनिट सर." पुन्हा वारा. "हो की. लिहिलंय. मी टीमशी बोलून कळवतो." टीमचा होकार दहा मिनिटांत आला. टीम म्हणजे त्याची आई, हे मला पुढे प्रत्यक्ष भेटीत कळलं.

आता घोडा. पुण्यात माणसाला भाड्यानं काय मिळत नाही? पण दोन दिवसांसाठी घोडा म्हटल्यावर लोक तुमची पत्रिका विचारतात. शेवटी विश्रांतवाडीत आमच्या घरापासून चालत पंधरा मिनिटांवर, आळंदी रस्त्याच्या आत एका पत्र्याच्या शेडमध्ये वैजनाथ सापडला. मूळचा परळीकडचा, गेली वीस वर्षं पुण्यात वरातीला घोडे पुरवतो. त्याच्या तीन घोड्यांतली सगळ्यात शांत घोडी म्हणजे पैंजण. पांढरी शुभ्र, आणि पापण्या अशा की एखाद्या नवऱ्या मुलीनं हेवा करावा.

"मुहूर्त कमी हायेत ह्या महिन्यात," वैजनाथ म्हणाला. "नेवा की. पण आधी बसाया शिका. अनाडी माणसाच्या हाती जनावर देणार नाही मी."

दोन रविवार शेडमागच्या मैदानात आमचं शिक्षण झालं. नीरजा पहिल्याच दिवशी लगाम धरून ताठ बसली. मला वर चढवायला वैजनाथ, एक स्टूल आणि शेजारचा पंक्चरवाला लागला. मी मैदानाला दोन फेऱ्या मारल्या. उतरल्यावर, खरं सांगतो, मी थोड्या कौतुकाच्या अपेक्षेनं वैजनाथकडे पाहिलं.

"म्याडम बसतेत," तो विचार करून म्हणाला. "तुमी लादल्यावानी दिसता."

त्या दिवशी ठरलं की घोडीवर नीरजा बसेल आणि मी पायी व्यवस्था बघीन.

बातमी सोसायटीत पसरायला वेळ लागला नाही. वरच्या मजल्यावरचे बाळ खांबेटे जिन्यातच आडवे आले. वय शहात्तर, खडकीच्या कारखान्यातून निवृत्त, आणि ज्या विषयातलं काही कळत नाही असा विषय त्यांना अजून भेटायचाय.

"सोवनी, घोडा करताय म्हणे." जसं काही मी कडबोळी करत होतो.

"दोन दिवसांसाठी, बाळकाका."

"वय झालं की माणसं देवळात जातात. असो. घोड्याच्या मागून आणि साहेबाच्या पुढून जाऊ नये, हे ठाऊक आहे ना? तुम्ही आयुष्यभर साहेबाच्या पुढून गेलात, म्हणून बढती राहिली. निदान आता घोड्याच्या मागून जाऊ नका."

दुसऱ्या दिवशी त्यांनी ओव्याची पुरचुंडी दिली, घोड्याचं पोट दुखलं तर. तिसऱ्या दिवशी हिंग दिला, ओव्यानं पोट बिघडलं तर. चौथ्या दिवशी सूचनाफलकावर सेक्रेटरींच्या सहीचा कागद लागला: 'सोसायटीच्या आवारात घोडा आणू नये. आणल्यास लीद संबंधित सभासदाने स्वतःच्या सदनिकेत ठेवावी.' मी सेक्रेटरींना गाठून म्हणालो, घोडा सोसायटीत येणारच नाहीये. ते म्हणाले, मग तुम्हाला हरकत असण्याचं कारण काय?

यापेक्षा मोठी परीक्षा पुढे होती. जनावर टेंपोतून न्यायचं तर ते प्रवासाला योग्य आहे असा पशुवैद्याचा दाखला लागतो. मी आणि वैजनाथ सरकारी दवाखान्यात गेलो. डॉक्टरबाईंनी पैंजणला दहा मिनिटांत तपासून तंदुरुस्त ठरवलं. प्रश्न दाखल्याचा होता. दाखला लिहिणाऱ्या कारकुनानं चष्मा वर केला.

"कानातला बिल्ला नंबर?"

"घोडीला नसतो."

"गाईला असतो."

"ही गाय नाही."

"ते दिसतंय मला. पण रकाना आहे." त्यानं 'निरंक' लिहिलं. "दूध किती देते?"

"घोडी आहे हो!"

"म्हणजे निरंक." तेही लिहिलं. "प्रवासाचं कारण? विक्री, प्रजनन, प्रदर्शन. यातलं एक."

"सहल."

त्यानं पहिल्यांदाच मला नीट न्याहाळलं. "कोणाची? हिची की तुमची?"

चौतीस वर्षं मी अशाच रकान्यांच्या अलीकडच्या बाजूला बसून पलीकडच्या माणसांना अशीच उत्तरं दिली होती. त्या क्षणी त्या सगळ्यांचे चेहरे माझ्यासमोरून सरकून गेले. एका बाईंच्या जळालेल्या शिलाई मशीनचा दावा मी 'मशीन जळताना कोणी पाहिले?' असा शेरा मारून परत पाठवला होता. तेव्हा तो शेरा मला फार नेमका वाटला होता. मी आवाज खाली आणून म्हणालो, "प्रदर्शन लिहा." पुढे जे घडलं ते पाहता ती नोंद अगदी बरोबर होती.

शनिवारी सकाळी आम्ही निघालो. पुढे ड्रायव्हर, नीरजा आणि मी. मागे पैंजण आणि वैजनाथ. कात्रजच्या सिग्नलला एका मोटारसायकलवाल्यानं काच वाजवून "काका, लग्न कुणाचं?" असं विचारलं. मी काच वर घेतली. नीरजानं खाली केली आणि सांगितलं, "आमचंच." तो "काँग्रॅट्स" म्हणाला, सिग्नल सुटला आणि आमचा प्रश्न मिटला.

करंजमाळ चार किलोमीटरवर आलं तेव्हा रस्ता संपला. म्हणजे रस्ता पलीकडे होता, पण मध्ये मोरीसाठी खणलेला खड्डा होता. कडेनं माणूस आणि जनावर जाईल एवढी वाट होती. टेंपोला ती नव्हती. वैजनाथनं घोडी उतरवली आणि खोगीर चढवलं. हे खोगीर मी तेव्हाच नीट पाहिलं. लाल मखमल, आरशांची नक्षी, चारी बाजूंनी सोनेरी झालर. मैदानात त्यानं साधं गोणपाट वापरलं होतं.

"साधं नाही का?"

"साधं कुणी मागतच नाही, साहेब." त्याला संध्याकाळी खराडीत एका वरातीला दुसरा घोडा न्यायचा होता, त्यामुळे तो घाईत होता. दाणा कधी, पाणी कधी, बांधायचं कसं, सगळं त्यानं नीरजाला पुन्हा बजावलं. रविवारी दुपारी इथंच येतो म्हणाला. टेंपो मागे वळला, निघाला, आणि शंभर पावलांवर गेल्यावर खिडकीतून त्याचं डोकं बाहेर आलं.

"साहेब! एक सांगायचं ऱ्हायलं! बँड थांबला की ती थांबती!"

"मग चालते कधी?"

"बँड लागला की!" आणि टेंपो वळणाआड गेला.

नीरजा रिकिबीत पाय अडकवून वर बसली. पैंजणनं चार पावलं टाकली आणि ती थांबली. अंगावर मखमल, पाठीवर माणूस आणि समोर मोकळा रस्ता. तिच्या हिशेबानं आता लोकांनी नाचायला हवं होतं. आम्ही चुचकारलं, ओढलं, गूळ दाखवला. तिनं गूळ खाल्ला आणि पुन्हा उभी राहिली. रिकामी चालवून बघितली तरी तेच. मखमल अंगावर म्हणजे काम सुरू, एवढं तिला पक्कं ठाऊक होतं. खोगीर काढायला गेलो तर पट्ट्याची वैजनाथनं मारलेली गाठ मला सुटेना.

मोबाइलला रेंज नव्हती. माझ्या फोनमध्ये साठवलेली एकच ध्वनिफीत होती, विष्णुसहस्रनाम. ती लावली तर पैंजणनं डोळे मिटले. नीरजाच्या फोनमध्ये बाळकाकांचे सतरा आवाजी संदेश होते, सगळे घोड्यांच्या पोटाबद्दल. त्यातला एक ऐकून पैंजणनं लीद टाकली.

"तुम्ही वाजवा," नीरजा वरून म्हणाली.

"काय?"

"तोंडानं. बँड."

मी आजूबाजूला पाहिलं. माळ होता, दोन शेळ्या होत्या. मी घसा खाकरला आणि एका निवृत्त अधिकाऱ्याला शोभेल इतपत म्हणालो, "ढँग."

पैंजणनं एक कान वळवला.

"ढँग ढँग. पीं पीं पीं."

पैंजण निघाली! मान डोलावत, एक एक पाऊल मोजून ठेवत. मी श्वास घेतला, ती थांबली. मी वाजवलं, ती चालली. असा अर्धा किलोमीटर गेल्यावर माझ्या लक्षात आलं की नुसत्या ढोलावर ती रेंगाळते; क्लॅरिनेट घेतलं की पाऊल उचलते. मग मी क्लॅरिनेट धरलं. नीरजा वर तोंडावर ओढणी धरून बसली होती. तिचे खांदे हलत होते. मी थांबून विचारलं, रडतेयस का? त्यामुळे घोडीही थांबली आणि ओढणीआडून असा काही आवाज आला, की ती रडत नव्हती हे सिद्ध झालं.

पुढे एक वस्ती लागली. पाच-सात घरं. मी वाजवणं थांबवून सभ्यपणे पुढे जायचं ठरवलं होतं, पण सभ्यपणे पुढे जाण्याची सोयच नव्हती. सगळी घरं बाहेर आली. नऊवारीतल्या एक आजी भाकरीचा तुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन पुढे झाल्या. कोणीतरी "द्वारकाआक्का, पायावर पानी घाला घोडीच्या" असं ओरडलं. आक्कांनी घोडीच्या पायांवर पाणी घातलं, नीरजावरून तुकडा ओवाळून टाकला आणि मग त्या घोटाळल्या.

"नवरी घोड्याव? आन् नवरदेव कुठं हाय?"

"मीच तो," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "ह्यो तर वाजंत्री हाय न्हवं?"

"दोन्ही तेच आहेत, आक्का," नीरजा म्हणाली. "आमचं लग्न झालं अठ्ठावीस वर्षांपूर्वी. बावीस माणसांत. सासरे म्हणाले, वरातीला पैसे कशाला घालवायचे. राहिली होती ती आज काढलीय."

हे सगळं तिनं गमतीत सांगितलं. पण 'राहिली होती' म्हणताना तिचा आवाज अगदी थोडा खाली गेला, आणि तो फक्त मला कळला असं मला वाटलं. तसं नव्हतं. द्वारकाआक्कांनाही कळला. त्या मागे वळून म्हणाल्या, "आरं, बघत काय ऱ्हायलात? हलगी काढा की! त्या बाबाचं तोंड सुकलं."

एका घरातून हलगी निघाली, दुसऱ्या घरातून ताशा. पहिली थाप पडताच पैंजणनं मान अशी उचलली, जणू आता कुठे माणसं भेटली. पुढच्या अडीच किलोमीटरांत मी चालत होतो की नाचत होतो ते सांगता येणार नाही. माझा दंड द्वारकाआक्कांच्या हातात होता आणि निर्णय त्या घेत होत्या.

करंजमाळच्या तंबूंपाशी आम्ही पोचलो तेव्हा मागे चाळीस माणसं होती. अभय हातात स्वागताची दोन सरबतं घेऊन फाटकात उभा होता. त्यानं गर्दीवरून नजर फिरवली आणि हळूच म्हणाला, "सर, बुकिंग दोन प्रौढांचं आहे."

त्याची आई मात्र बाहेर आली, तिनं एकदा बघितलं आणि चुलीवर मोठं पातेलं चढवलं. सगळे चहा पिऊन, नीरजाच्या हातावर दहा-दहा रुपयांचे आशीर्वाद ठेवून पांगले. हलगीवाल्यानं जाण्याआधी खोगिराची गाठ एका झटक्यात सोडवली.

'घोड्यांसाठी सुसज्ज' या मथळ्याखाली वेबसाइटवर जे होतं त्यातलं तिथं काय आहे, हे मी अभयला विचारलं. जुनी सवय. तो म्हणाला, "सर, खरं सांगू? ते परदेशी साइटचं टेम्प्लेट होतं. फक्त डोंगर बदलला मी." पाण्याचं टाकं नव्हतं, म्हणून पैंजण मुलांच्या हवेच्या तलावात पाणी प्यायली, आणि मग त्यात एक पाय ठेवून तिनं त्याची हवाही काढली. रात्रीच्या बार्बेक्यूसाठी चिरलेली गाजरं तिनं ताटासकट पाहुणचार म्हणून स्वीकारली. आम्ही आमटी-भात खाल्ला. अभयच्या आईचा हात फार चांगला होता. मी अंग टाकलं आणि क्लॅरिनेटनं दमलेल्या माणसासारखा झोपलो.

सकाळी सहाला जाग आली तर शेजारी नीरजा नव्हती. बाहेर आलो तर खुंट्याला पैंजणही नव्हती. मखमलीचं खोगीर मात्र दोरीवर तसंच होतं.

घोडी सुटली आणि नीरजा तिला शोधायला गेली, असं मला वाटलं. माझ्या डोक्यात लगेच रकाने भरायला लागले: दरी, ओढा, घसरडी वाट, एकटी बाई, वय पंचावन्न. अशा घटनांचे तपशील मी चौतीस वर्षं कोरड्या मनानं वाचले होते. ते सगळे कागद आज ओले झाले. मी अनवाणीच निघालो. अभय मागे धावत होता आणि "सर, आपण आधी नीट लोकेट करू" असं काहीतरी म्हणत होता.

चढण चढून पठारावर आलो आणि थांबलो.

समोर मोकळं गवत होतं आणि त्यावर नीरजा घोडी फेकत होती. गोणपाटावर बसून, वेणी सुटलेली, पुढे झुकलेली. कुठे हलगी नव्हती, ताशा नव्हता. पैंजण चौखूर धावत होती, आणि इतकी वर्षं तिला पावलं मोजत चालवणाऱ्या माणसांची मला कीव आली. त्यांत मीही आलो.

त्यांनी वळसा घेतला. नीरजानं मला पाहिलं, लगाम खेचला, माझ्यापाशी येऊन उतरली आणि गुडघ्यात वाकून उभी राहिली. सलवारीला एका बाजूनं चिखल होता आणि कोपर खरचटलं होतं.

"दोन रविवारांत इतकं येतं?" मी विचारलं.

"वेडे आहात का? तुम्हाला वैजनाथ सापडायच्या आधीपासून, दोन महिने रोज शाळेआधी जात होते त्याच्याकडे." ती धापा टाकत होती. मग आवाज एकदम लहान करून म्हणाली, "पडले मी. दोनदा. कोणाला सांगू नका हं."

"का?"

"पुन्हा पाठवणार नाहीत."

"कोण?"

नीरजा उत्तर द्यायला तोंड उघडून थांबली. तिचे वडील जाऊन बारा वर्षं झाली. काका त्याच्याही आधी गेले. माझे बाबाही नाहीत. तिनं शोधत शोधत नजर फिरवली आणि ती माझ्यावर येऊन टेकली. मी अनवाणी, लेंगा काट्यात फाटलेला, घसा बसलेला. तिला हसू आलं.

"खरंच की," ती म्हणाली. "कोणीच नाही."

पैंजणनं तिच्या खांद्यावर नाक घासलं.

"हात द्या," नीरजा म्हणाली. इथं स्टूल नव्हतं, पंक्चरवाला नव्हता. मी वाकून दोन्ही हातांची बोटं एकमेकांत गुंफली. तिनं चिखलानं भरलेला बूट माझ्या ओंजळीत ठेवला, एकदा भार टाकला, आणि वर गेली. मला वाटलं होतं त्यापेक्षा ती खूप हलकी होती. दोघी निघाल्या. आधी दुडकी, मग पळत, मग पठाराच्या पार टोकाला एक पांढरा ठिपका.

मी हात तसेच समोर धरून उभा होतो. अभय धापा टाकत वर आला. त्यानं माझ्या तळव्यांकडे पाहिलं.

"सर, टिश्यू देऊ?"

"नको," मी म्हणालो. "राहू दे."